आग्र्याचं अंथरूण

अक्का,

परवा विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुझ्याविषयी दोन शब्द बोलला. कष्टाळू होती, म्हणाले. हाताला कला होती, म्हणाले. एक जण मनमिळाऊ होती असंही म्हणाला, तेव्हा मी मान खाली घातली. तू आणि मनमिळाऊ? तू गल्लीत महिनोन् महिने कोणाशी बोलायची नाहीस, आणि बोललीस की समोरच्याची पंचाईत करायचीस. पण मेलेल्या माणसाला मनमिळाऊ म्हणायची पद्धत आहे, तुझाच अपवाद कोण करणार?

शेवटी गल्लीतले हिलालनाना म्हणाले, "तिनी धाकली बहीण धुयाले कॉलेजमा शे ना? तिले बोलू द्या आते."

मी उभी राहिले. पहिलं वाक्य पाठ करून ठेवलं होतं. ते आठवेना. डोळ्यांसमोर काय आलं सांगू? भर उन्हात, पाठीला गोणपाट चिकटलेला आपला कुत्रा आग्र्या हायवेवरून पळतोय आणि त्याच्यामागे तू कात्री घेऊन. माझे ओठ थरथरायला लागले. रडू येतंय असं सगळ्यांना वाटलं. बायकांनी मला हाताला धरून खाली बसवलं, आणि खाली बसल्यावर खरंच रडू आलं.

आमच्या मराठीच्या मॅडमना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, उभं राहून जे बोलता आलं नाही ते बसून लिही, आपल्या वार्षिक अंकात घेऊ. मला चांगलं लिहिता येतं की नाही, ठाऊक नाही. घरात याआधी कोणी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे विचारायचं तरी कोणाला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कॉलेजनी भाषा नको, साधं लिख." तेच करते.

आग्र्या आला तेव्हा मी दहावीत होते आणि तू जळगावच्या सासरहून कायमची परत आलेली होतीस. का आलीस ते घरात कोणी विचारलं नाही. वडिलांनी, म्हणजे आपल्या भाऊंनी, तुझी पेटी आत नेऊन ठेवली आणि ते कामावर गेले. भाऊ रस्त्यावर मैलकुली, त्यांच्या वाट्याचे खड्डे त्यांची वाट बघत होते. तू भांडी घासायचीस, लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायचीस आणि दिवे लागले की तुझी बाज उचलून अंगणात टाकायचीस. उन्हाळ्यात सगळं सोनगीरच बाहेर झोपतं, त्यात नवल नव्हतं. पण मृग संपला, पोळा गेला, दिवाळी गेली, तरी तू बाहेरच, पाऊस लागला तर पडवीत. माय दारातून हाका मारून थकायची. तू हूं की चूं करायची नाहीस.

त्या हिवाळ्यातच समोर हायवेला एक ट्रक अॅक्सल तुटून पडला होता. ड्रायव्हरने केबिनमध्ये सीटच्या पायाशी एक कुत्रं बांधलेलं होतं, तांबूस, एक कान फाटका. ट्रक दुरुस्त झाला आणि सकाळीच निघून गेला. कुत्रं मागे राहिलं. विसरले की मुद्दाम सोडलं, कोण जाणे. ते किल्ल्याच्या वळणापर्यंत ट्रकमागे धावलं, मग जीभ काढून परत आलं आणि आपल्या अंगणासमोर बसलं. तू राखेने पातेलं घासत होतीस. तू त्याच्याकडे बघितलंस आणि म्हणालीस,

"तुले बी सोडी गयात का रे?"

आत मायने माझं मनगट घट्ट धरलं. "बोलनी वं माय," ती कुजबुजली, "अक्का बोलनी!"

मी त्याचं नाव मोती ठेवू म्हटलं. तुला ते मुळीच पटलं नाही. "मोती कशाना? अंगवर देख त्याना, निस्ती धूय शे. हाऊ रस्ता आग्राले जास, आनि तो रस्ताथून उना. आग्र्या." झालं. त्याला नाव मिळालं, आणि तुला आणि मला भांडायला कारण.

कारण त्याच संध्याकाळी प्रश्न आला की हा झोपणार कुठे.

माझं म्हणणं होतं, तो केबिनमध्ये राहिलेला आहे, डोक्यावर छप्पर असल्याशिवाय त्याला झोप यायची नाही. तुझं म्हणणं होतं, तो केबिनमध्ये बांधलेला होता, म्हणूनच त्याला आता उघड्यावर झोपू द्यावं. दोघींनाही काही ठाऊक नव्हतं. ट्रकमध्ये त्याचं कसं चाललं होतं हे फक्त त्यालाच माहीत, आणि तो सांगणार नव्हता. तरी आपण किती तावातावाने बोलत होतो! भाऊ भाकरी खाता खाता एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मला वाटतं, कितीतरी दिवसांनी आपल्या घरात कोणाचा तरी आवाज चढला, याचंच त्यांना बरं वाटत असावं.

मी कोंबड्या झाकायचं मोठं डालं पालथं घातलं, एका बाजूला वीट लावून दार ठेवलं, आत चिंध्या अंथरल्या. तू तुझ्या बाजेशेजारी जमिनीवर एक गोणपाट टाकलंस, बस. सकाळी बघतो तर डाल्यात कोंबडी ऐसपैस बसलेली, आणि आग्र्या बाहेर उभा राहून, मालकीणबाई कधी उठतील याची वाट बघतोय. तू दात घासत होतीस. तोंडातली राख थुंकून म्हणालीस, "तुनं घर भाडानं गयं वं, बाय."

पावसाळ्यात मात्र तुझी अडचण झाली. तू पडवीत आलीस, पण बाज अंगणातच राहिली, कारण तिच्याखाली आग्र्या झोपायचा. तू युरियाच्या रिकाम्या गोण्या उसवून, जोडून, बाजेवर घट्ट बांधल्यास. खाली कोरडं राहिलं. मी टाळ्या वाजवत आले.

"झालं ना छप्पर! हरलीस!"

"छप्पर कोठे शे? ती बाज शे."

"अगं, वरून झाकलंय ना?"

"मंग? चारी बाजूथून वारा येस. त्याले सगळं दिसस. आनि बाजले कोनी घर म्हनस का? तुना मास्तरले इचार."

मी मास्तरांना विचारलं नाही. तू आणखी एकदा म्हणाली असतीस तर मी खरंच विचारलंही असतं, इतपत मी तेव्हा साधी होते.

बारावीनंतर मला धुळ्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. भाऊंचं मत होतं की धुळं काही लांब नाही, रोज बसने जाऊन-येऊन करावं, दिवे लागायच्या आत पोरगी घरात असावी. तू सुईत दोरा ओवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तिले ऱ्हाऊ दे तठे. रोज घर ईसन भांडा घासशी तं वाचशी कव्हय?" भाऊ म्हणाले, लोक काय म्हणतील. तू म्हणालीस, "लोके मनाबद्दल काय कमी बोलनात? थोडं तिनाबद्दल बी बोलू द्या. मले तेवढाच आराम."

यावर भाऊंना हसावं की रागवावं कळेना. मी वसतिगृहात आले. तू मला जी गोधडी दिलीस तिच्यावर मी आत्ता बसलेली आहे. त्या दिवशी तू बोलली नसतीस तर मी कुठे असते, हे मी तुला कधी सांगितलं नाही. वाटायचं, सांगितलं तर तू म्हणशील, "बस्स कर, मोठी बाई उनी आभार मानाले."

पहिल्याच वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयात मला एक पाळीव प्राण्यांवरचं पुस्तक सापडलं. त्यात लिहिलं होतं, कुत्र्याला बंदिस्त, अंधारी जागा आवडते, कारण त्याचे पूर्वज बिळात राहायचे. मला इतका आनंद झाला की मी तो उतारा तोंडपाठ करून गावी आले आणि तुला ऐकवला.

"त्याना पूर्वज?" तू म्हणालीस. "तो तं ट्रकमातून उना."

"अगं, फार पूर्वीचे पूर्वज."

"मंग त्यासले दे बिळं. याले कशाले?"

पण मी आता पुस्तक वाचून आले होते, मागे हटणार नव्हते. भाऊंच्या कामावर डांबराची रिकामी पिंपं पडलेली असायची. मुकादमाला विचारून भाऊंनी एक आणून दिलं. मी ते आडवं करून मातीत रोवलं, आतून वाळूने घासलं, बाहेरून चुन्याने रंगवलं आणि वर गेरूने 'आग्र्या' असं नाव लिहिलं. गल्ली बघायला आली. हिलालनाना म्हणाले, "वा! कुत्राले पक्कं घर! आपलं अजून मातीनं शे."

तू लांबूनच बघत होतीस. "पत्रानं शे ते," म्हणालीस. "त्यामा त्यानी भाजी शिजाडशी का?"

तुझं चुकलं असतं तर किती बरं झालं असतं. पण महिना वैशाखाचा होता. आपल्याकडे वैशाखात डांबरी रस्त्यावरून चालताना चप्पल रुतते, हे भाऊंना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण रस्त्यावरचं डांबर आणि पिंपातलं डांबर एकच, हे मैलकुल्याच्या घरात कोणाच्या डोक्यात आलं नाही! मी घासून काढलं ते वरवरचं. सांध्यांमध्ये बोटभर थर तसाच होता.

त्या दुपारी तू गोधडी द्यायला गेली होतीस. तू नाहीस असं बघून मी भाकरीचा तुकडा आत टाकला आणि आग्र्या पहिल्यांदाच पिंपात शिरला. भाकरी खाल्ली, दोन वेटोळी घातली आणि झोपलासुद्धा. मी विजयाने पडवीत आडवी झाले. जाग आली ती त्याच्या केकाटण्याने. डांबर पाघळून त्याच्या पाठीवर आलं होतं, आणि आत अंथरलेलं गोणपाट त्या पाठीला चिकटलं होतं. तो बाहेर आला, स्वतःच्या पाठीवरचं ते काय आहे हे बघायला गोल गोल फिरला, आणि त्याला भिऊन हायवेकडे पळत सुटला. गोणपाट दोन्ही खांद्यांवरून लोंबत होतं. समोरच्या हॉटेलातली माणसं चहा टाकून उभी राहिली.

"काय आग्र्या, सत्कार करी उना का?" कोणीतरी ओरडलं. "शाल तं दिनी, नारय कोठे शे?"

तू तेवढ्यात परतलीस. हातात कात्री होतीच. तू त्याच्यामागे, मी तुझ्यामागे. शेवटी हॉटेलाच्या बाकाखाली तो सापडला. तू खाली बसून गोणपाट कापत होतीस, आणि कापता कापता तुझे खांदे हलायला लागले. मला वाटलं तू रडतेस. मी पुढे वाकून बघितलं तर तू हसत होतीस. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, मग इतक्या मोठ्याने की तुला कात्री बाजूला ठेवावी लागली. रस्त्याच्या अलीकडे माय पदर तोंडावर धरून उभी होती. जळगावहून आल्यापासून तुझं हसणं आम्ही ऐकलं नव्हतं. मी तर विसरलेच होते की हसताना तुझा आवाज भाऊंसारखा होतो.

विहारात मला हे सांगायचं होतं. पण वंदनेनंतर असं सांगतात का, ते मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी तू अंगणात बसून शेंगदाण्याचं तेल लावत लावत त्याच्या पाठीवरचं डांबर सोडवत होतीस. केसांचे पुंजकेच्या पुंजके निघत होते. मी समोर बसून चिंधी धरली होती. मला माझी बाजू अजून सोडवत नव्हती. मी म्हटलं, "उन्हाळ्यात नाही, पण हिवाळ्यात हे पिंपच कामाला येईल बघ. पुढून पोत्याचा पडदा लावू, म्हणजे आत मस्त ऊब राहील."

तू तेल चोळत राहिलीस. मग म्हणालीस,

"जयगावले मनं घर बी पत्रानं व्हतं. एकच खोली. तो ड्युटीवर जाये तं बाहेरथून कडी लाई जाये. रोज. ऊब व्हती ना, लई ऊब व्हती. पन डोयाले जप नही ये."

माझ्या हातातली चिंधी तशीच राहिली.

"मेहरूणना तलाव दोन गल्ल्या सोडीसन व्हता, म्हनेत," तू म्हणालीस. "मी देखा नही."

आणि आग्र्याचं तोंड दुसरीकडे वळवून, "हाल नको रे," असं त्याला म्हणालीस. बस, एवढंच. त्यानंतर तू त्यावर कधी बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. मी एकोणीस वर्षांची होते. अशा वेळी काय म्हणायचं असतं हे मला आजही नीट माहीत नाही. त्या क्षणी मला उठून तुझा तेलकट हात धरावासा वाटला होता. आपल्या घरात तसं कोणी करत नाही, म्हणून मी फक्त चिंधी पुढे केली. दुसऱ्या दिवशी पिंप उचलून भाऊंकडे परत दिलं. का, ते तू विचारलं नाहीस. तुला कळलं असेल, असं मी आजवर धरून चालले आहे. कळलं होतं ना, अक्का?

पुढच्या वर्षी आमच्या कॉलेजचा संघ वक्तृत्व स्पर्धेसाठी जळगावला गेला. बोलायला मी नव्हते, टाळ्या वाजवायला होते. दुपारी मोकळा वेळ मिळाल्यावर सगळ्या मुली बाजारात गेल्या. मी रिक्षा करून मेहरूणला गेले. तुझी गल्ली शोधली नाही, धीर झाला नाही. तलावावर गेले. काठावर बोरीची झाडं होती, म्हशी पाण्यात बसल्या होत्या, पोरं पोहत होती. मी घटकाभर बसले आणि परत आले.

घरी आल्यावर तुला सांगितलं. तू गोधडीचा काठ घालत होतीस. टाके थांबले नाहीत.

"कितला मोठा शे?"

"बराच मोठा. पलीकडचा माणूस ओळखू येत नाही."

"पानी?"

"हिरवं."

"काठवर बसाले जागा शे का?"

"आहे. झाडाखाली आहे."

"बरं."

मग तू दोरा दातांनी तोडलास. मी म्हटलं, "आपण जाऊ एकदा." तू म्हणालीस, "जाऊ." आपण दोघीही खरंच म्हणत होतो. मग माझी परीक्षा आली, मग लग्नसराई आली आणि तुझ्याकडे गोधड्यांची रीघ लागली, मग पाऊस आला, आणि मग तू आजारी पडलीस. मला आता झोपायला टेकलं की ते हिरवं पाणी दिसतं. तिथे बसलेली मीच असते. कितीही प्रयत्न केला तरी तुला शेजारी बसवता येत नाही, कारण तू तिथे बसलेली कशी दिसली असतीस, पाय पाण्यात सोडले असतेस की जवळ ओढून घेतले असतेस, हे मला ठाऊक नाही.

धुळ्याच्या दवाखान्यात मी कॉलेज सुटलं की तुझ्याजवळ यायचे. तू अर्धी झाली होतीस. बाकी कशाची चौकशी करायची नाहीस, फक्त आग्र्याची. जेवस का? खाजवस का? आणि दर वेळी, तो झोपतो कुठे ते, "जपस कोठे?"

"बाहेरच. तुझ्या बाजेखाली."

"म्हतारा व्हयना तो आते," तू एक दिवस म्हणालीस. "मागला हिवायामा कण्हत व्हता. यंदा थंडी पडनी तं..." मग थांबलीस. मी वाट बघत होते. मला वाटलं, आता तू म्हणशील, आत घ्या त्याला. इतक्या वर्षांनी मी जिंकणार होते, आणि मला ते अजिबात नको होतं.

"तं काय करायचं?" मी विचारलं.

"देखू. मी घर उनी का सांगसू."

घरी आल्यावर सांगते, म्हणालीस. आपलं भांडण तिथेच राहिलं.

तुला पोचवून सगळे परत आल्यावर मायने रिवाजाप्रमाणे तुझी बाज उभी करून भिंतीला टेकवली. आग्र्याच्या डोक्यावरचं होतं नव्हतं तेवढंही गेलं. तो त्याच जागी झोपायला लागला, बाजेच्या चार पायांनी जमिनीत जे खळगे केले होते त्यांच्या बरोबर मध्ये. आणि थंडी यायची तेव्हाच आली. या दिवसांत सकाळी आपल्याकडे तोंडातून वाफ निघते, ठाऊकच आहे तुला. पहाटे तो कुडकुडायचा, उठताना मागचे पाय ओढायचा. मी त्याच्यावर गोधडी टाकायचे, तो ती अंगावरून पाडायचा. खाणं जवळजवळ बंद.

भाऊंनी चार दिवस बघितलं. परवा कार्यक्रमाहून आल्यावर त्यांनी त्याच्या गळ्यात दोरी घातली, बकरीच्या सपरीत नेऊन बांधला आणि पुढून ताटी लावून घेतली. आत उबदार होतं, कडबा होता. आग्र्याने रडायला सुरुवात केली. भुंकणं नाही, रडणंच. बकरी कोपऱ्यात अंग चोरून उभी.

मी बाहेर गेले. "भाऊ, सोड त्याले."

"थंडी देखी का? मरी जाई तो बाहेर."

"मधमा कोंडशी तरी मरी. काल्दिनथून खायेल नही त्यानं."

भाऊ माझ्याकडे वळले. "तूच म्हने ना, छप्पर पाहिजे, छप्पर पाहिजे? पिंप कोनासाठे आनं व्हतं मी? मुकादमना हातपाय जोडीसन?"

"मनासाठे."

"मंग?"

"मंग आते मी अक्कानी बाजूनी शे."

हे माझ्या तोंडून कसं निघालं, कळलं नाही. आपल्या दोघींमधल्या भांडणात भाऊ कधी पडले नव्हते, नुसते भाकरी खात ऐकायचे. आता मी तुझी वाक्यं बोलत होते आणि ते माझी. मी वारा म्हणत होते, ते ऊब म्हणत होते. मला एकदम वाटलं, तू आत चुलीपाशी बसून ऐकत असतीस तर म्हणाली असतीस, "देखा, कॉलेजवाली सुधारनी."

भाऊंनी दोरीची गाठ चाचपली. मग अगदी हळू म्हणाले, "तू तं सकायमा जाशी. मी कितला दिवस उठी उठी देखसू? बाहेर त्याना जोडे कोन ऱ्हाई?"

तू होतीस तोवर हा प्रश्नच नव्हता. उघडं की झाकलेलं, यावर आपण इतकी वर्षं भांडलो, पण त्याच्या शेजारी माणूस आहे, हे दोघींनीही धरूनच चाललो होतो. कारण ती तूच होतीस. सोमवारी माझी परीक्षा होती, सकाळच्या बसने निघणं भाग होतं. मी ताटी बाजूला केली, दोरी सोडली. आग्र्या पाय ओढत गेला आणि आपल्या जागी जाऊन पडला. भाऊंनी दोरी गुंडाळून खुंटीला लावली. मी आत जाऊन पिशवी भरली. भरताना वाटत होतं, मी पुन्हा येईन तेव्हा तो नसेल, आणि मग तुझं म्हणून आपल्याकडे असं काय राहील, जे आपल्याकडे बघून शेपूट तरी हलवेल.

सकाळी मायने उठवलं. तिने दाराकडे बोट केलं.

अंगणात तुझी बाज चार पायांवर उभी होती. तिच्यावर भाऊ झोपले होते, माकडटोपी घालून, घोंगडी डोक्यावरून, गुडघे पोटाशी. बाज तुझ्या मापाची, भाऊंच्या टाचा बाहेर आलेल्या. त्यांचा एक हात घोंगडीतून खाली लोंबत होता, आणि त्या हाताखाली आग्र्या होता. श्वास चालू होता. मी उंबऱ्यावर उभी राहून तो नीट बघून घेतला.

हिलालनाना दुधाची बरणी घेऊन रस्त्याने चालले होते. ते थांबले. "काय रे भाऊ, हिवायामा बाहेर? घरमातून काढी दिनं का बायकोनी?"

भाऊंनी घोंगडीतून तोंड बाहेर काढलं. त्यांच्या मिशांवर दव होतं. त्यांनी नानांकडे बघितलं नाही, किल्ल्याकडे बघितलं.

"अक्कानं सांगेल शे," म्हणाले.

नानांनी मान हलवली आणि ते पुढे गेले. मायने माझ्याकडे बघितलं, मी मायकडे. तू असं काही सांगितलं नव्हतंस, हे मला ठाऊक होतं, दवाखान्यात तुझ्यापाशी मीच होते. मी पिशवी खांद्याला लावली, भाऊंच्या उघड्या टाचांवर घोंगडी ओढली, आणि बस पकडायला निघाले.